घरात बंदूक, वाटेत पिस्तूल : घेण्याआधी काय माहीत असावं?

हाटपिपल्या : सोयाबीन निघालं, मंडीत माल गेला, हातात चार पैसे आले की देवास जिल्ह्याच्या या पट्ट्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. शेतात एकटं घर आहे, रात्री भीती वाटते, लायसन काढून बंदूक घ्यावी का? व्यापारी विचारतात, वसुलीला फिरावं लागतं, गाडीत पिस्तूल ठेवलेलं बरं ना? हाटपिपल्या, चापडा, बागली, कन्नोद इथली मंडळी हे विचारतात, आणि सीमेपलीकडे शिरपूर, रावेर, परतवाड्याकडचे नातेवाईकही तेच विचारतात.

कोणती बंदूक घ्यावी, यावरच बहुतेक चर्चा होते. खरं तर तो तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न : परवाना मिळेल का आणि कशासाठी मिळेल? दुसरा : गोळी चालवायची परवानगी कायदा कधी देतो? या दोन्हींची उत्तरं नीट कळली की तिसऱ्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. म्हणून याच क्रमाने माहिती घेऊ. शस्त्र कायदा केंद्राचा असल्याने मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक सगळीकडे मूळ नियम एकच आहेत.

बंदूक बाळगणं हा हक्क आहे का?

नाही. आपल्याकडे बंदूक ही परवानगीची गोष्ट आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, भारताच्या राज्यघटनेत तसा नाही. विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा फरक स्पष्ट शब्दांत सांगितला.

सध्याचा कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६. यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातल्या दोन गोष्टी सामान्य परवानाधारकाच्या कामाच्या आहेत. एक, पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. दोन, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. ज्यांच्या घरी तिसरं शस्त्र होतं त्यांना ते जमा करावं लागलं. कोणाच्या माळ्यावर ते अजून पडून असेल, तर ते बेकायदा आहे हे समजून वकिलाचा सल्ला घ्या आणि लगेच मार्गी लावा.

कायदाच एक हत्यार सुचवतो

अधिनियमाचं कलम १३ फार कमी लोक वाचतात. त्यात परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सांगितलं आहे की अर्जदार अपात्र नसेल, तर संरक्षणासाठी वीस इंच किंवा त्याहून लांब नळीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. म्हणजे आपल्या भाषेत बारा बोअर. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक.

रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, रायफल यांना मात्र वेगळा दंडक आहे. तिथे अर्जदाराकडे 'सबळ कारण' आहे असं अधिकाऱ्याला पटावं लागतं. धंद्यामुळे, नोकरीमुळे किंवा राहण्याच्या जागेमुळे जीवाला खरा धोका आहे हे कागदाने दाखवावं लागतं : पूर्वी झालेली एफआयआर, धमकीची तक्रार, व्यवसायाचं स्वरूप. 'सुरक्षेसाठी पाहिजे' एवढं लिहून पिस्तुलाचा अर्ज पुढे सरकत नाही तो यामुळेच. त्यात साहेबांची मर्जी शोधत बसण्यात अर्थ नाही.

कोणतं हत्यार कशाला?

परवान्याच्या भाषेत दोन शब्द येतात, एनपीबी आणि पीबी. एनपीबी म्हणजे सामान्य नागरिकाला मिळू शकणारी शस्त्रं. पीबी म्हणजे प्रतिबंधित. ९ एमएम पिस्तूल, पोलीस आणि लष्कराच्या स्वयंचलित बंदुका प्रतिबंधितात येतात आणि त्यांची परवानगी केंद्र सरकारच्या हातात असते. आपला विषय एनपीबीचा.

बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी : शेतातल्या घरासाठी सगळ्यात जास्त वापरात असलेली. काडतुसात छर्रे असतात. मार जवळचा, आवाज मोठा. रायफलच्या गोळीसारखी ती लांबवर जात नाही, म्हणून पलीकडच्या वस्तीला धोका त्या मानाने कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही, दार आणि पातळ भिंत छर्रेही भेदतात. लांब असल्याने अरुंद खोलीत, जिन्यात वळवायला जड. गाडीत लपत नाही, आणि हा दोष नाही. जी वस्तू दिसते ती सहज विसरली जात नाही, सहज चोरीलाही जात नाही.

.३१५ रायफल : माळव्यात आणि चंबळकडे हिची हौस फार. हिची गोळी एक किलोमीटरच्या पुढेही जीव घेऊ शकते. हाटपिपल्यासारख्या दाट वस्तीच्या गावात, शेजारी शेजारी खळी असलेल्या शिवारात ही घरासाठी चुकीची निवड आहे. नेम चुकला तर गोळी कुठे थांबेल ते चालवणाऱ्याला माहीत नसतं.

.३२ रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल : बहुतेक लोकांच्या मनात असतं ते हेच. कानपूरच्या सरकारी कारखान्यांची रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चालत आलेली आहेत. २०१४ मध्ये तिथूनच 'निर्भीक' नावाचं सुमारे अर्धा किलो वजनाचं .३२ रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आलं, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. पुढे त्याहून हलकं, .२२ चं 'निडर' आलं. हलकं हत्यार बाळगायला सोपं असतं, चालवायला मात्र अवघड. छोट्या नळीमुळे हात थोडा हलला तरी गोळी फुटाफुटाने बाजूला जाते. नियमित सराव नसेल तर पाच-सात पावलांवरही नेम बसत नाही, त्यात अंधार आणि घाबरलेला माणूस. सरावाला रेंज लागते, काडतुसं लागतात, वेळ लागतो. तो देण्याची तयारी नसेल तर पिस्तूल म्हणजे कमरेला बांधलेली जोखीम.

छर्ऱ्याची एअरगन : .१७७ बोअरची आणि २० जूलपर्यंत ताकदीची असेल तर परवाना लागत नाही. पण ती माकडं हाकलायला किंवा नेमबाजी शिकायला. चोरासमोर ती धरणं धोक्याचं, कारण समोरचा तिला खरी समजून खरंच वार करू शकतो.

पिकासाठी बंदूक मागणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी. बंदुकीचा परवाना म्हणजे रोजडे किंवा रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो आणि परवानगी वेगळी लागते. हवेत आवाज करणं आणि जनावर पाडणं यांत कायद्याने मोठं अंतर आहे.

परवाना कसा निघतो?

मध्य प्रदेशात अर्ज कलेक्टर कार्यालयाच्या शस्त्र शाखेकडे जातो. हाटपिपल्याच्या माणसाला देवासला, धारच्या माणसाला धारला. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्त. अर्ज ए-१ नमुन्यात, केंद्र सरकारच्या शस्त्र परवाना पोर्टलवरून. वय २१ पूर्ण पाहिजे. ओळख, राहण्याचा पुरावा, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि सुरक्षित ठेवण्याची हमी, एवढं लागतं.

मग अर्ज थान्याकडे जातो. पोलीस घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, जुन्या केसेस बघतात. नियमांप्रमाणे पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर अधिकाऱ्याने साठ दिवसांत निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात उशीर होतो. पण ही मुदत माहीत असली की विचारणा लेखी करता येते.

कोणाला मिळत नाही? हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं, शांततेचा बाँड भरून दिलेल्याला बाँडची मुदत संपेपर्यंत, मानसिकदृष्ट्या सक्षम नसलेल्याला. सार्वजनिक शांततेच्या कारणानेही नाकारता येतो. पण 'याच्याकडे जमीन-जायदाद नाही' एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. शेतमजुरालाही जीव आहे, हे कायदा मानतो. नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर साधारणपणे द्यावी लागतात. नकाराविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं : देवासवाल्यांनी उज्जैनच्या संभागायुक्तांकडे, धारवाल्यांनी इंदूरच्या.

परवान्यावर युआयएन म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक असलाच पाहिजे. जुन्या वहीतल्या परवान्यावर हा क्रमांक नसेल तर तो परवाना वैध धरला जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची वही आजच उघडून पाहा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी करा. मुदत संपलेल्या परवान्याची बंदूक म्हणजे विनापरवाना बंदूक.

आता हिशेब. शस्त्राची किंमत लोक धरतात, बाकीचं विसरतात : कर, लोखंडी तिजोरी, काडतुसं, सराव, साफसफाई, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी देवासच्या चकरा. निवडणुकीत शस्त्र जमा करायची पाळी येते ती वेगळी. एकदाची खरेदी म्हणून बघू नका, कायमचा खर्च म्हणून वहीत मांडा.

वडिलांची, आजोबांची बंदूक

देवास आणि धार ही पवारांची संस्थानं, शेजारी इंदूरला होळकर. त्यामुळे इथल्या मराठी घरांत जुनी शस्त्रं निघतात. दसऱ्याला पूजेत ठेवलेली दुनळी कोणाच्या नावावर आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं.

परवानाधारक वारला की त्याचा परवाना तिथेच संपतो. 'वडिलांची आहे' हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही. वारसांनी शस्त्र विनाविलंब थान्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं, पावती घ्यावी, आणि मग ज्याला ठेवायचं आहे त्याने आपल्या नावाने अर्ज करावा. बाकी वारसांची लेखी संमती सोबत लावली की काम सोपं होतं. दोघा भावांत वाटणीवरून वाद असेल तर बंदूक जमाच राहू द्या.

परवानाधारक हयात असतानाही ही सोय आहे. त्यांचं वय ७० झालं असेल, किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसाची पात्रता तपासली जातेच. ज्या घरात आजोबांचे हात थरथरतात आणि बंदूक उशाशी आहे, तिथे हे काम पुढे ढकलू नये.

घरात कुठे ठेवायची?

नियम कुलपात ठेवायला सांगतो. बंदूक रिकामी, लोखंडी कपाटात किंवा तिजोरीत. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. चावी परवानाधारकाकडेच.

इथे कोणीतरी म्हणणारच : मग चोर आला तर कुलूप उघडेपर्यंत काय करायचं? प्रश्न रास्त आहे. पण चोर वर्षानुवर्षं येत नाही, आणि घरात पोरं, राग, दारू, आजारपण, कर्जाची चिंता रोज असते. भरलेली बंदूक हाताशी असली की क्षणभराचा संताप किंवा क्षणभराची निराशा कायमची होऊन बसते. घरातलं कोणी खचलेलं वाटत असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर बंदूक काही दिवस थान्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा. यात कमीपणा काही नाही. अशा वेळी चोवीस तास चालणारी सरकारी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फोन फुकट लागतो.

हाताळताना चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कधीच माणसाकडे करायची नाही. चालवायची नसेल तोवर बोट घोड्यावर जाऊ द्यायचं नाही. समोर आणि त्याच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय चाप ओढायचा नाही. अंधारात दार उघडणारा चोर असतो तसा रात्री उशिरा परतलेला पोरगाही असतो.

सीमेवरचा प्रश्न : बंदूक घेऊन महाराष्ट्रात जाता येतं का?

आपल्या वाचकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. परवान्यावर 'क्षेत्र' असा रकाना असतो. तिथे जिल्हा लिहिला असेल तर जिल्हा, 'मध्य प्रदेश' असेल तर मध्य प्रदेश. अशा परवान्यावर सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरून पळासनेरला पोचलात की तुम्ही परवान्याच्या बाहेर गेलात. बुऱ्हाणपूरहून रावेरकडे, बैतूलहून परतवाड्याकडे जाताना तेच. उलट बाजूने येणाऱ्या जळगाव, धुळे, अमरावतीच्या मंडळींनाही हेच लागू. लग्नाला, कुळाच्या देवाला, सोयरिकीला निघताना गाडीतली बंदूक घरी ठेवा. सतत जाणं-येणं असेल तर क्षेत्र वाढवून मागण्याचा वेगळा अर्ज करा आणि मंजुरीचा शेरा परवान्यावर आल्यावरच न्या.

पत्ता बदलला तरी कळवावं लागतं. मुलाकडे पुण्याला किंवा नाशिकला राहायला गेलात आणि शस्त्र सोबत असेल, तर तीस दिवसांच्या आत तिथल्या परवाना अधिकाऱ्याला कळवा, मूळ जिल्ह्यालाही सांगा. क्षेत्राची अट त्याआधी पूर्ण झालेली पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

प्रवासात आणखी काही नियम. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, लांब बंदूक खोळीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. दाखवत फिरणं, बाजूला ठेवून फोटो काढणं हे नियमाविरुद्ध आहे. मूळ परवाना जवळ ठेवा. 'जरा धर' म्हणून ड्रायव्हरच्या किंवा भाच्याच्या हातात देऊ नका. परवानाधारक समोर असताना, किंवा त्याच्या लेखी परवानगीने दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यापुरतीच कायद्यात सूट आहे. ढाब्यावर, लॉजवर, उभ्या गाडीत बंदूक सोडून जाऊ नका. चोरीला गेली तर त्याच दिवशी एफआयआर. विमानाने जायचं असेल तर ती केबिनमध्ये चालत नाही. एअरलाइनला आधी सांगून, रिकामी करून, परवाना दाखवून ती सामानात जाते.

लग्न, वरात आणि निवडणूक

वरातीत हवेत बार काढणं २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणाला लागली नाही तरी. परवाना रद्द होतो तो वेगळा. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती पाहुणा-यजमान बघत नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघतो. मुदतीत जमा करा आणि पावती जपून ठेवा. खरा धोका असलेल्यांना समितीपुढे सूट मागता येते, त्यासाठी कारण आणि कागद जोडून लगेच अर्ज द्यावा लागतो.

गोळी कधी चालवता येते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मर्म थोडक्यात असं.

स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करता येतं. पण दोन लगाम आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि रक्षणासाठी जितकं लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.

समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क कधी पोचतो? मरणाची किंवा गंभीर दुखापतीची खरी भीती, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिडचा हल्ला, सुटकेचा मार्ग नसलेली डांबून ठेवण्याची स्थिती. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घर फोडणं, राहत्या घराला आग लावणं, किंवा जीवाची भीती वाटावी अशी चोरी वा घुसखोरी.

आता हे शिवारात आणून बघू. रात्री दार तोडून हत्यारबंद माणसं घरात शिरली, तर कायदा तुमच्या बाजूला उभा राहू शकतो. पण मोटारीची केबल कापून कोणी पळतोय आणि तुम्ही पाठीवर गोळी घातली, तर तो बचाव टिकणं फार कठीण. दिवसा शेतात घुसून भांडणाऱ्या भाऊबंदावर गोळी चालवली, तर खुनाच्या किंवा खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात उभं राहावं लागतं. चोर पळाला की धोका संपला, आणि धोका संपला की हक्कही संपला. केबल काही हजारांची असते, खटला कित्येक वर्षांचा.

समजा गोळी चालवावीच लागली. तर लगेच ११२ ला फोन करा. जखमीसाठी ॲम्ब्युलन्स मागवा, तो चोर असला तरी. जागा जशी आहे तशी राहू द्या, रिकामी काडतुसं उचलू नका, बंदूक धुऊ-पुसू नका. पोलीस आले की शस्त्र पंचनाम्यावर त्यांच्या ताब्यात द्या, घडलं ते खरं सांगा आणि वकिलाशी बोला. स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचं काम शेवटी तुमच्यावरच येतं. तुटलेलं दार, अंगावरच्या जखमा आणि वेळेवर केलेला फोन हेच तुमचे साक्षीदार.

कट्टा : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महाग

परवान्याला महिने लागतात, कट्टा दोन दिवसांत मिळतो, असं कुजबुजणारे भेटतात. धार जिल्ह्यातला सिंघाना-गंधवानी भाग, बडवानीतलं उमर्टी, खरगोनमधलं सिगनूर, बुऱ्हाणपूरमधलं पाचोरी ही नावं पोलीस कारवायांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. उमर्टी तर चोपडा तालुक्याला लागून. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन बेकायदा शस्त्रांच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, कारण तिथला माल पुण्याच्या गुन्ह्यांत सापडत होता. काही जणांच्या या धंद्यासाठी अख्ख्या गावाला किंवा समाजाला गुन्हेगार ठरवणं मात्र चूक आहे.

घेणाऱ्याने काय लक्षात ठेवायचं? विनापरवाना शस्त्र जवळ सापडलं की दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड. ते वापरलं तर तीन ते सात वर्षं. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. कट्ट्याची नळी चाचणी झालेली नसते, ती चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. पडला तरी उडू शकतो. आणि तो आधी कुठल्या खुनात वापरला गेलाय ते विकणारा सांगत नाही. घरात चोर शिरला, तुम्ही कट्टा चालवला आणि स्वसंरक्षण न्यायालयाने मान्यही केलं, तरी विनापरवाना शस्त्राचा गुन्हा वेगळा उरतोच. फिर्यादी म्हणून थान्यात जाणारा माणूस आरोपी होऊन बसतो.

बंदुकीआधीच्या गोष्टी

बहुतेक लुटीचं मूळ रोख रकमेत असतं. मंडीचं पेमेंट खात्यात घ्या. आयकर कायद्याने तसंही एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. ज्याच्या गाडीत रोकड नाही हे गावाला माहीत आहे, त्याच्या मागे कोणी लागत नाही. वसुली करणाऱ्यांनी रोज एकाच वेळी एकाच वाटेने जाऊ नये, रक्कम त्याच दिवशी भरावी, कुठे निघालो ते घरी सांगावं. दागिने लॉकरला.

शेतातल्या घराला चारही बाजूंनी दिवा, वीज गेली तरी चालणारा सोलरचा एक, आतून भक्कम अडसर, कुत्रं, आणि शेजारच्या चार खळ्यांचा मिळून फोन ग्रुप. भोंगा लावला तर उत्तम, कारण चोर गोळीपेक्षा जाग आणि उजेड यांना आधी घाबरतो. या सगळ्याला मिळून एका रिव्हॉल्व्हरच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी पैसे लागतात, आणि यातल्या कशालाही परवाना लागत नाही.

मग घ्यायची की नाही?

घर एकटं आहे, धोका खरा आहे, वरचे उपाय करून झालेत, घरात कुलूप पाळणारा जबाबदार माणूस आहे आणि सरावाची तयारी आहे, तर बारा बोअरचा अर्ज करा. कायद्याचा रस्ता तिथे सरळ आहे. प्रवासासाठी पिस्तूल पाहिजे असेल तर आधी धोक्याचे कागद जमवा, आणि क्षेत्राचा रकाना वाचल्याशिवाय राज्याची सीमा ओलांडू नका. नुसती हौस असेल, घरात दारू किंवा भांडण असेल, किंवा कपाटाची चावी दारामागच्या खिळ्याला टांगायची सवय असेल, तर तेवढ्या पैशांत अडसर, दिवे आणि भोंगा घ्या.

ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आधीच आहे त्यांनी आज रात्री एवढंच करा : वही काढा आणि नाव, युआयएन, मुदत आणि क्षेत्र हे चार रकाने वाचा. त्यातला एखादा चुकलेला निघाला, तर उद्या सकाळी शस्त्र शाखेत जायचं कारण मिळालं.